तोंडानं सांग

१

मेलेल्या माणसाला नवा पत्ता कोण सांगतं?

गालिनने हे विचारलं तेव्हा आई भाजलेल्या लाल मिरच्यांची सालं काढत होती आणि दिल्याना वहिनी एका खोक्यावर निळ्या पेनाने ‘स्वयंपाकघर’ लिहीत होती. आईने हातातल्या मिरचीचं देठ पाटीत टाकलं. वहिनीने शेवटची अक्षरं जरा जास्तच सावकाश काढली.

“सुरी दे इकडे,” आई म्हणाली.

त्याने सुरी दिली. रविवारी त्याने पाद्रीबाबांना विचारून पाहिलं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि रांगेतल्या मागच्या बाईकडे वळले. शेजारच्या झ्लातका काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “तू आधी दाढी कर.”

प्रश्न तसा साधाच होता. शाळा अर्ध्यात टाकलेल्या पोराला पडावा तसा. त्याचा दादा, स्विलेन, फेब्रुवारीत गेला. जर्मनीत गिलाव्याचं काम करताना परांचीवरून पडला. शवपेटीतून आपल्या गावी, लोमला परत आला, आणि डॅन्यूबवरून बोचरा वारा सुटला होता त्या दिवशी त्याला टेकडीवर पुरलं. आता सप्टेंबर लागला होता आणि बाकीचं घर प्लोवदिवला निघालं होतं. वहिनीला तिथे बेकरीत काम लागलं होतं. मावशीचं घर हाकेच्या अंतरावर होतं. नव्या घराच्या बाल्कनीत म्हणे अंजिराची फांदी वाकून येते. वहिनी त्या फांदीबद्दल इतकं बोलायची, की आई म्हणाली, “घर राहू दे, फांदीच भाड्याने घे.” यावर दोघी हसल्या. कितीतरी महिन्यांनी त्या घरात कोणी हसत होतं, आणि भांडी कागदात गुंडाळताना वहिनी गुणगुणत होती.

गालिनला ते गुणगुणणं फार आवडायचं. ते बंद पडू नये एवढंच त्याला हवं होतं.

२

दादा जर्मनीला निघाला की त्याच्या मागे पाणी ओतायचं काम गालिनचं. घरातल्या धाकट्याने ओतायचं, हे ठरलेलंच. दादा बॅग उचलून जिना उतरू लागला की गालिन उंबऱ्यावरून पाणी सोडायचा, आणि ते पाणी पायऱ्या उतरत दादाच्या टाचांमागे धावायचं. वाट पाण्यासारखी सरळ जावी, गेलेला माणूस परत यावा. आणि दादा परत यायचा. दर वेळी. एकदा पुढचा दात अर्धा तुटून आला. ओठ वर करून तो सगळ्यांना दाखवत होता, जणू बक्षीस मिळालंय.

आणखी एक गोष्ट त्याने तिकडून आणली. लोममध्ये ‘हो’ म्हणायचं तर मान आडवी हलते, ‘नाही’ म्हणायचं तर वर-खाली. जर्मनीत बरोब्बर उलटं. दादाची मान मधेच कुठेतरी अडकून पडली. “आणखी वाढू?” म्हटलं की मान वर-खाली. आता हे हो समजायचं की नाही? आई पळी हातात धरून ओरडायची, “तोंड दिलंय ना देवानं? तोंडानं सांग!” नगरपालिकेत लग्न लावणाऱ्या बाईंनी विचारलं, तेव्हाही त्याने मान वर-खाली केली आणि सगळी खोली हसत सुटली. “मला वाटलं, झालं, हा नाही म्हणाला,” वहिनी अजून सांगायची.

तिकडे त्याला एकटं जेवण जायचं नाही. ताटासमोर फोन उभा करून तो गालिनला म्हणायचा, “बस रे समोर. बोलू नकोस काही, नुसता बस.” आणि गालिन नुसता बसायचा.

पेटी घराबाहेर काढली त्या दिवशी झ्लातका काकूंनी गालिनच्या हातात पाण्याने भरलेलं मडकं दिलं. मेलेल्या माणसाने उंबरा ओलांडला की ते तिथेच आपटून फोडायचं असतं, म्हणजे त्याची परतीची वाट तुटते. गालिनला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, त्या दिवशी कानात काही शिरत नव्हतं. दादा जिना उतरतोय आणि आपल्या हातात पाणी आहे, एवढंच त्याला कळलं. त्याने ओतलं. सावकाश, नेहमीसारखं. पाणी पेटीमागे पायऱ्या उतरत गेलं.

काकूंनी तोंडावर हात ठेवला. “अरे गाढवा, हे काय केलंस?”

मडकं शाबूत राहिलं. आई आता त्यात कांदे ठेवायची.

३

सामान हलवणारे शोधायचं काम त्याने अंगावर घेतलं आणि ज्याने पहिला फोन उचलला त्यालाच देऊन टाकलं. मानोल नावाचा पोट सुटलेला माणूस सामान बघायला आला. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याचा भाता झाला होता.

“लिफ्ट बंद,” तो कठड्याला धरून म्हणाला, “आणि वर हे कपाट! पोरा, झाड मुळासकट आणलंय का घरात?”

ते ओकचं, आरशाचं कपाट दादा-वहिनीच्या खोलीत होतं.

“माझ्या आईचं आहे ते, नावं ठेवू नका,” आई म्हणाली. “कॉफी घेणार?”

“कपाट बघून कॉफी पुरणार नाही, ताई. घोटभर रकिया असेल तर बघा.” त्याने कपाट एका कोपऱ्यातून उचलून पाहिलं आणि सोडलं. “चौघं लागतील. मी, माझा जावई त्सान्को, हा पोरगा, आणि याचा भाऊ.”

वहिनीच्या हातातली टेप थांबली.

“कुठला भाऊ?” गालिनने विचारलं.

“आता मला काय माहीत, तुमची किती भावंडं? मघाशी खिडकीत उभा होता तो. मी खालून ओरडलो, ‘सामान इथलंच ना?’ त्यानं मान हलवली.”

“कशी?”

“कशी म्हणजे? अशी. वर-खाली. मला वाटलं नाही म्हणतोय, म्हणून मी आधी शेजारचा जिना चढलो. फुकट चार मजले! दम त्याचाच लागलाय.”

“पलीकडच्या घरातला कोणी असेल,” आई चटकन म्हणाली, आणि ग्लास आणायला गेली.

गालिनही मनात तेच म्हणाला. समोरून ऊन होतं. काचेत झाड हललं असेल. पडदे तर कालच काढून धुतले होते, म्हणजे पडदा नाही. पण काच होती. काचेत काहीही दिसतं.

“बरं, प्लोवदिवमध्ये कुठे...” मानोलने विचारायला सुरुवात केली.

“काका!” गालिनने त्याचा दंडच धरला. “घरात गावाचं नाव नका घेऊ.”

“का रे? ट्रक काय डोळे मिटून नेऊ?”

“जिन्यात सांगतो. इथे ऐकू जाईल.”

“वेडा आहे थोडा,” वहिनी हसून म्हणाली. “पण मनानं चांगला आहे.”

गालिनने त्याला तळमजल्यापर्यंत नेलं आणि पत्ता कानात सांगितला. तिथे इमारतीच्या दारावर, वरच्या मजल्यावरच्या वारलेल्या म्हाताऱ्याच्या कागदाशेजारी, दादाच्या निधनाचा, फोटोचा काळ्या चौकटीतला कागद डकवलेला होता. मानोल त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग टोपी डोक्यावर घट्ट बसवून गेला. 

४

टेपचा आवाज पहिल्यांदा आला तेव्हा गालिन स्वयंपाकघरात बरण्या पुसत होता. ल्यूतेनित्साच्या, म्हणजे भाजल्या मिरचीच्या चटणीच्या बरण्या, आईच्या हातच्या, लालभडक. आतल्या खोलीत चर्रर्र करून टेप ओढली गेली. मग थोडी शांतता. मग कट्.

वहिनी कामाला लागली, त्याला वाटलं. मग वहिनी बाहेरच्या दारातून आत आली, हातात पाव घेऊन.

“खोकं बंद केलंस वाटतं?” आत डोकावून ती म्हणाली. “शाबास. पण लिहिलं का नाहीस वरती? मग तिकडे मीठ शोधत बस.”

“लिहितो,” तो म्हणाला.

खोकं पलंगाशी होतं. बाकीची सगळी दारापाशी रचलेली होती, हे एकटंच आत. टेप सरळ, घट्ट, हवा न राहता बसवलेली. दादा गिलाव्याला हात फिरवायचा तशी. गालिनने टोकावरून बोट फिरवलं. घरात टेप कापायला कात्री होती, दाराच्या मुठीला दोऱ्याने बांधलेली, वहिनीची शिस्त. पण हे टोक कात्रीचं नव्हतं. दातांनी तोडलेलं होतं. बारीक दाते दाते, आणि मधे एका ठिकाणी जरा मोठी, अर्धवट पाकळी, जिथे दात पुरा लागलेला नव्हता.

खरं सांगायचं तर त्याला भीतीआधी आनंद झाला.  तो पलंगावर बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “आलास होय रे.”

खोलीत कोणी नव्हतं. पिठाच्या डब्यासारखा कोरडा वास होता, चुना आणि धुळीचा. त्याने जाणूनबुजून स्वतःशी हिशेब मांडला. कदाचित हे खोकं दादानेच मागे कधीतरी बंद केलं असेल. मागच्या सुट्टीत. टेप टिकते.

मग त्याने खोकं फोडलं. आत वहिनीची कालची ओढणी होती, उद्या घालायचे बूट, आणि आत्ताच पाव आणायला जाताना तिने ज्याने केस विंचरले तो कंगवा. त्यात केस होते.

५

त्यानंतर रोज एखादं खोकं पलंगाशी दिसायचं. आईचा चष्मा हरवायचा आणि तिथे सापडायचा. वहिनी म्हणायची, “गालिन, तू पॅक करतोस की चोऱ्या?” तो हसायचा आणि गुपचूप खोकी फोडून वस्तू जागेवर ठेवायचा. घर तसं मजेत होतं. झ्लातका काकू भट्टीतल्या पावासारख्या गरमागरम बातम्या आणि पनीर भरलेली खुसखुशीत बनित्सा घेऊन येत. आई रडायच्या ऐवजी शिव्या द्यायला लागली होती, आणि ते तिच्या तब्येतीला मानवत होतं.

दुपारी ती खिडकीपाशी आरामखुर्चीत डुलकी काढायची. त्या दिवशी वहिनी बँकेत गेली होती. गालिन खालून रिकामी खोकी घेऊन आला आणि दारातच थबकला.

आई झोपली होती. तोंड किंचित उघडं, चेहरा निवांत. खुर्चीच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत, तिच्या मांडीवरून, टेपची एक पट्टी लावलेली होती. ट्रकमध्ये खण उघडून बाहेर येऊ नये म्हणून लावतात तशी. दुसरी पट्टी घोट्यांवरून. चुरगळू नये म्हणून फ्रॉकची कड आधी नीट सारखी केलेली होती. प्रेमाने केलेलं काम होतं ते. न्यायच्या सामानाला कोणी इतकं जपत नाही.

टेपची टोकं त्याने पाहिली नाहीत. पाहायची गरज नव्हती.

गुडघ्यावर बसून तो ती पट्टी सोडवू लागला. आवाज होऊ नये म्हणून नखाने, जरा जरा करत. आतल्या खोलीतून चर्रर्र आवाज आला. लांब. एवढी टेप कोणाला लागते?

“दादा,” तो कुजबुजला, “आई आहे ही.”

आवाज थांबला. कट् झालं नाही. तिकडे कोणीतरी टेप दातात धरून ऐकत असावं.

आई जागी झाली तेव्हा टेपचा चिकट गोळा गालिनच्या खिशात होता. “काय रे, असा पायाशी बसलास?” ती म्हणाली. “लहानपणी तरी बसायचास का कधी?”

संध्याकाळी तो झ्लातका काकूंकडे गेला. “काकू, मडकं आता फोडलं तर?”

“तेव्हा फोडायचं ते आता? लग्न झाल्यावर मुलगी बघायला जाण्यासारखी गत.” मग त्याचं तोंड बघून त्यांचा आवाज उतरला. “हे बघ बाळा. फुटलेल्या मडक्याच्या ज्या बाजूला जो राहिला, तो त्या बाजूचा. तेवढंच मला माहीत आहे. माझ्या आईला विचारायचं राहिलं.”

६

निघायच्या सकाळी मानोल आणि त्सान्को आले. त्सान्को काडीसारखा होता आणि सासऱ्याच्या शिव्या चहासारख्या पीत होता.

“वाकून धर, बैला! माझ्या पोरीनं तुझ्यात काय पाहिलं देव जाणे.”

“माझा स्वयंपाक, बाबा.”

आई आणि वहिनी खाली ट्रकपाशी बरण्या मोजून घेत होत्या. कपाट शेवटी राहिलं. मानोलने पट्टे टाकले, त्सान्को वरच्या बाजूला, गालिन खालच्या. चौथं कोणी नव्हतं. “मेरी माते!” मानोल छातीवर क्रुसाची खूण करून म्हणाला, “उचला!”

कपाट उचललं गेलं. सहज. रिकामं खोकं उचलावं तसं.

 पायऱ्या उतरताना तिघांचे श्वास ऐकू येत होते, आणि वळणावर गालिनला वाटलं, की एक श्वास जास्त आहे. आरसा त्याच्या बाजूला होता. वळवताना कपाट कललं, आणि आरशात जिना, कठडा, मानोलचं पोट सरकत गेलं. मग कपाटाच्या मोकळ्या कोपऱ्याखाली एक हात दिसला. बोटांच्या पेरांत गिलावा सुकलेला. नखं पांढरी पडेपर्यंत घट्ट धरलेलं. गालिनने मान वळवली तेव्हा तिथे नुसती भिंत होती, आणि कपाट तरीही हलकंच होतं.

खाली ट्रकमध्ये ते टेकवल्यावर मानोल त्याला बाजूला घेऊन म्हणाला, “फोटो मी त्या दिवशीच ओळखला होता. बोललो नाही. कपाट त्याच्याशिवाय उतरलं नसतं.” त्याने घाम पुसला. “पण पोरा, तो आता खाली आला की वर गेला, ते बघून ये. मला उचलायला माणूस चालतो. ट्रकमध्ये चालत नाही.”

७

गालिन वर गेला.

रिकामं घर मोठं वाटत होतं आणि पावलं परत ऐकू येत होती. दादा-वहिनीच्या खोलीत, कपाट होतं तिथे भिंतीवर गडद चौकोन राहिला होता. त्या चौकोनात, भिंतीकडे तोंड करून, कोणीतरी उभं होतं. कामाचे कपडे. हातात टेपचं रीळ. गालिन दारातून पुढे गेला नाही. पाठ मात्र त्याने लगेच ओळखली. त्या पाठीमागे त्याने आयुष्यभर पाणी ओतलं होतं.

“दादा,” तो म्हणाला, “त्यांना जाऊ देशील ना?”

मान हलली. वर-खाली. वर-खाली.

गालिनला हसू फुटता फुटता राहिलं. “हे जर्मनीतलं की इथलं?”

मान तशीच हलत राहिली, सावकाश.

“दादा, तोंडानं सांग.”

पाठ वळू लागली. गालिनने डोळे मिटून घेतले. खोलीत चुन्याचा वास दाटला, आणि अगदी जवळ, टेप रिळावरून एक बोटभर सुटल्याचा आवाज झाला.

“थांब,” तो म्हणाला. “आलोच मी. नुसता बसतो समोर. थांब.”

आवाज थांबला.

त्याने मडक्यातले कांदे काढले, ओट्यावर ठेवले, नळाखाली मडकं भरलं आणि जिना उतरला. ट्रकच्या पुढच्या बाकावर मानोल, त्सान्को, आई आणि वहिनी दाटीने बसली होती.

“तू?” आई म्हणाली.

“जागा कुठाय? किल्ली काकूंकडे देतो आणि गाडीनं येतो.”

“जेवून नीघ. आणि दाढी कर.” आईने खिडकीतून हात काढून त्याचा गाल चिमटला. वहिनी म्हणाली, “अंजिरं उतरायच्या आत ये, नाहीतर मी खाऊन टाकीन सगळी.” तिने डोळ्यांवर हात धरून वर, खिडकीकडे पाहिलं. मग गुणगुणायला लागली. बहुतेक तिला काही दिसलं नसावं.

ट्रक हलला तसं गालिनने पाणी सोडलं. सावकाश. त्याला कांद्याचा वास होता. पाणी उतारावरून चाकांमागे धावलं, आणि कोपऱ्यावर ट्रक वळला तरी थोडं पुढे जात राहिलं. मडक्यात त्याने निम्मं राखलं होतं.

झ्लातका काकू बाल्कनीतून ओरडल्या, “किल्ली?”

“आणतो!”

चार मजले तो न थांबता चढला. त्याला कितीतरी दिवसांनी भूक लागली होती. उंबरा ओलांडून तो आत गेला आणि दाराकडे तोंड करून वळला. मागे, आतल्या खोलीत, जमिनीवर कोणीतरी जेवायला बसावं तसं टेकल्याचा आवाज झाला.

मग गालिनने मडकं दोन्ही हातांनी डोक्यापर्यंत उचललं, आणि आतल्या बाजूने उंबऱ्यावर आपटलं.